पैशाला गिऱ्हाईक नसलेली वर्षे

आमच्या बँकेची ट्रेझरी म्हणजे एक टेबल, दोन फोन, एक संगणक आणि मी. शनिवार पेठेतल्या मुख्य कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच हे टेबल होते. त्यामुळे वर-खाली करणारा प्रत्येक जण "काय म्हणतोय बाजार?" असे विचारून जाई. उत्तर कोणालाच नको असे. मीही "बाजार बरा आहे, तुमचं कसं काय?" एवढेच म्हणत असे. मोठ्या बँकांत म्हणे या कामाला आख्खा मजला लागतो. आमच्याकडे मी जेवायला गेलो की ट्रेझरी जेवायला जाई.

काम सांगायला सोपे आहे. लोकांनी ठेवलेले आणि कर्ज म्हणून बाहेर न गेलेले पैसे नुसते पडून राहू नयेत, म्हणून ते दुसऱ्या बँकांना एका रात्रीपुरते द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी व्याजासकट परत घ्यायचे. त्या एका रात्रीच्या व्याजाचा दर रोज बाजारात ठरतो, पण तो मोकाट सुटलेला नसतो. मध्यवर्ती बँकेने दोन खिडक्या उघडून त्याला मधे धरलेले असते. एका खिडकीत, ज्यांना पैसे कमी पडतात त्यांना ती वरच्या दराने देते. दुसऱ्या खिडकीत, ज्यांच्याकडे जास्त झाले त्यांचे ती खालच्या दराने ठेवून घेते. पैशाची टंचाई असली की बाजार वरच्या दराला चिकटतो, पैसा उदंड झाला की खालच्या. आणि खालच्या दराच्या खाली तो जाऊ नये अशी अपेक्षा असते, कारण मध्यवर्ती बँक तेवढे व्याज देत असताना दुसऱ्याला त्याहून स्वस्तात पैसे कोण देईल?

कोण देईल, तर मी. ती खालची खिडकी मोठ्या बँकांसाठी होती. आमच्यासारख्या छोट्या सहकारी बँकेला तिच्यासमोर उभे राहण्याची मुभा नव्हती. एरवी याने काही बिघडत नसे, कारण एरवी बाजारात पैसे मागणारे भरपूर असत. करोनाच्या पहिल्या वर्षी मात्र मागणारे गायब झाले. दुकाने बंद, लग्ने बंद, प्रवास बंद. लोकांचा पगार जसाच्या तसा खात्यात पडून. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी हाती माल कमी म्हणून आमची कर्जे आधीच फेडून टाकली. धंदे बुडू नयेत म्हणून मध्यवर्ती बँकेनेही बाजारात पैसा सोडला आणि दर खाली आणले. सगळ्यांकडे पैसा आणि कोणालाच नको, असा प्रकार मी नोकरीच्या वीस वर्षांत पाहिला नव्हता.

मुंबईच्या एका मोठ्या बँकेतला एक तरुण मला रोज सकाळी फोन करी. त्याचा आवाज फार गोड होता. "सर, आज एवढंच जमेल," असे म्हणून तो एक दर सांगे, आणि तो मध्यवर्ती बँकेच्या खालच्या दराच्याही खाली असे. आमचे पैसे स्वस्तात घेऊन तो खिडकीत ठेवणार आणि मधला फरक खिशात घालणार, हे मला ठाऊक होते. मला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होते. पण मला खिडकी नव्हती आणि त्याला होती, तेव्हा मी "बरं, घ्या," म्हणत असे आणि रिसीव्हर आपटत असे. त्या वर्षात फोनचा एक कोपरा फुटला. शिपायाने त्याला चिकटपट्टी लावली आणि "साहेब, बाजार पडला की काय?" असे विचारले.

आमच्या बँकेचे अध्यक्ष मार्केट यार्डातले गुळाचे ठोक व्यापारी होते. आम्ही त्यांना शेठ म्हणत असू. मास्क हनुवटीला लावून ते आठवड्यातून एकदा बँकेत येत, आणि पैशाला गिऱ्हाईक नाही हे त्यांना काही केल्या पटत नसे. त्यांच्या मते चूक माझी होती. मी सकाळी पहिला फोन येताच भाव मान्य करून टाकतो, म्हणून समोरचा दाबतो. यार्डात त्यांनी चाळीस वर्षे सकाळचा पहिला भाव कधी घेतला नव्हता. एका सोमवारी ते माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि आजचा सौदा आपण करू, म्हणाले.

दहा वाजता गोड आवाजाचा फोन आला. शेठनी नुसती मान हलवली. मी नंतर सांगतो म्हणालो. अकराला भाव थोडा उतरला. शेठनी चहा मागवला. बाराला आणखी उतरला. मी चुळबुळ करायला लागलो, तर त्यांनी मला गप्प बसायची खूण केली. घाबरलेला विक्रेता गिऱ्हाइकाला लगेच कळतो, असे ते हळूच म्हणाले. पावणेदोनला मी हात जोडले. शेठनी घड्याळ पाहिले आणि तीनला खरा भाव फुटेल असे सांगितले. तेव्हा मला लख्खकन कळले, की करोनामुळे बाजाराची वेळ कमी करून दोनला बंद केली आहे, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. ते मला धडा देत होते आणि मी चिडून, तुम्हीच बघा आता, अशा थाटात बसलो होतो. सांगेपर्यंत दोन वाजले आणि पडद्यावरचे आकडे हलायचे थांबले.

"आता?" शेठनी विचारले.

आता काही नाही, पैसे आज इथेच झोपणार, असे मी म्हणालो. मग उद्या दोन दिवसांचा मिळून भाव घेऊ, असे त्यांनी सुचवले. उद्या उद्याचेच व्याज मिळेल, आजचे गेले ते गेले, हे मी त्यांना समजावले. त्यांनी चिकटपट्टी लावलेला फोन माझ्याकडे सरकवला.

"म्हंजे ह्यो गूळ न्हाय," ते म्हणाले. "कोथिंबीर हाय."

एका रात्रीच्या पैशाबद्दल मी तीन प्रशिक्षणे केली होती, एक तर थेट महाबळेश्वरला. तिथे कोणी हे इतके नीट सांगितले नव्हते. गूळ ठेवला तर टिकतो, कोथिंबीर संध्याकाळी फेकायची वेळ येते. त्या दिवसानंतर शेठ सौद्यात पडले नाहीत. रोज बाराच्या सुमारास त्यांचा एक फोन येई, "गेली का कोथिंबीर?" आणि मी गेली म्हटले की ठेवून देत.

पण व्यापारी माणूस तेवढ्यावर थांबणार नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला विचारले की आपण ठेवीदारांना किती व्याज देतो आणि बाजारातून किती मिळवतो. मी दोन्ही आकडे सांगितले. दुसरा पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास होता. रोज तोट्यात कोथिंबीर विकायला आपण दुकान मांडलेले नाही, असे म्हणून शेठनी मला ठेवींचे दर कमी करण्याची टिप्पणी लिहायला सांगितली. मी लिहिली. बँकेच्या दृष्टीने ती बरोबरच होती. मध्यवर्ती बँक वर कुठेतरी खालचा दर खाली आणते, त्याचा परिणाम शेवटी असाच कोणाच्या तरी ठेवीवर येऊन पोचतो. त्यातली एक ठेव माझ्या वडिलांची होती.

बाबा आमच्याकडेच राहत, बिबवेवाडीतल्या फ्लॅटमध्ये, मी, बायको आणि आठवीतली मुलगी यांच्यासोबत. त्यांनी उभा जन्म एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवले, त्यामुळे पेन्शन नव्हती. निवृत्तीचे सगळे पैसे एका वर्षाच्या मुदत ठेवीत, आमच्याच बँकेत, आणि दरमहा त्याचे व्याज. दर एक तारखेला सकाळी अंघोळ करून ते माझ्या बायकोच्या हातात एक पाकीट देत. घरखर्चातला त्यांचा वाटा. तिने पहिल्या वर्षी नको म्हणून पाहिले होते. बाबा म्हणाले होते की नको असेल तर पाकीट परत कर, मीही ताट परत करतो. तेव्हापासून ती ते निमूटपणे घेत असे. व्याजातून पाकीट दिल्यावर जे उरे त्यात त्यांची दोन वर्तमानपत्रे, दाढी-कटिंग, आणि रविवारी नातीसाठी आणलेली फळे बसत. ते माझ्याकडून एक पैसाही घेत नसत. आई गेल्यावर त्यांनी हेच एक धरून ठेवले होते आणि ते सुटले तर त्यांचे काय होईल, याची मला खरोखर भीती वाटे.

त्यांची ठेव नवा दर लागू होणार त्यानंतर नऊ दिवसांनी संपत होती. ठेव विभागातल्या आमच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "अहो, आजच मोडा आणि जुन्या दराने तीन वर्षांसाठी लावा. नियमात बसतं." बसत होते. फक्त नियम वापरायचा मुहूर्त ठेवीदारांपैकी कोणाला ठाऊक नव्हता, मला होता, कारण टिप्पणीच माझी होती. मी अर्ज घेतला, बॅगेत घातला आणि घरी गेलो.

जेवताना बाबा म्हणाले, "तुमच्या बँकेचा दर खाली येणार असं दिसतंय."

कशावरून, मी विचारले.

"आठ दिवस तू माझ्याशी फार गोड बोलतोयस."

मला हसू आले. बँकेतले बँकेत, एवढेच मी म्हणालो. बाबांनी मान डोलावली, आपण विचारायला नको होते असे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. अर्ज बॅगेतच राहिला. मला स्वतःचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी मी फार हलकट मुलगा आहे असेही वाटत होते.

दर कमी झाला. नवव्या दिवशी बाबा बिबवेवाडीच्या शाखेत जाऊन, फरशीवर आखलेल्या पांढऱ्या वर्तुळांत एकेक पाऊल पुढे सरकत, ठेव नवीन करून आले. घरी येऊन पावती डब्यात ठेवली आणि म्हणाले, की तुमच्या क्लार्कने मास्कच्या आतून सांगितलेला दर मी तीनदा विचारला, तिन्ही वेळा तेवढाच निघाला. त्याबद्दल त्यांचे भाष्य एवढेच.

एक तारखेला पाकीट आले. पूर्वीइतकेच. आम्ही दोघे चकित झालो. मग बायकोच्या लक्षात यायला लागले. दोन वर्तमानपत्रांचे एक झाले होते. फळे आणायची राहून जात होती. सलून उघडून महिना झाला तरी बाबा तिथे गेले नव्हते. तिच्या शिवणाच्या कात्रीने त्यांनी स्वतःचे केस स्वतःच कापले होते, पुढून बरे, मागून उंदराने कुरतडल्यासारखे. ते डोके पाहून माझा तोल गेला. हे पाकीट आजपासून बंद, असे मी त्यांना ओरडूनच सांगितले.

बाबा ओरडले नाहीत. "मग मी इथे पाहुणा झालो," ते म्हणाले. "पाहुण्याने किती दिवस राहायचं असतं, ते सांग."

बायकोने मला आत नेऊन झापले. रोज कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे करणाऱ्याला घरातले एक पाकीट सांभाळता येत नाही, असे ती म्हणाली, आणि ते खरे होते. पुढचे काही दिवस आमच्या घरात फक्त मिक्सर बोलत होता.

त्याच सुमारास मुलीचा घटक चाचणीचा निकाल आला. शाळा मोबाइलवर चालू होती आणि गणिताच्या बाईंचा आवाज निम्म्या समीकरणात तुटत असे. मुलीला पंचवीसपैकी सात गुण मिळाले. बाबांनी पेपर पाहिला, सात तरी कसे मिळाले याचे आश्चर्य व्यक्त केले, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाच ते सहा जेवणाच्या टेबलावर त्यांचा वर्ग सुरू झाला. वेळेवर. पाच वाजून दोन मिनिटांनी आलेल्या नातीला ते उशीर का झाला ते विचारत, आणि ती बिचारी शेजारच्या खोलीतून आलेली असे. हसण्याचे आवाज येऊ लागले. मला वाटले, वादळ शमले.

महिनाअखेरीला बाबांनी माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. वळणदार अक्षरात लिहिले होते: इयत्ता आठवी, गणित, एक महिना, शिकवणी शुल्क. आणि पुढे रक्कम. मी मोठ्याने हसलो. बाबा हसले नाहीत, तेव्हा मी रक्कम नीट पाहिली. विचित्र आकडा होता. कुठलाही क्लासवाला असा आकडा सांगणार नाही. मी पेन्सिल घेतली, त्यांच्या ठेवीला दरातल्या कपातीने गुणले, बाराने भागले. रुपयापर्यंत जुळले. वरचे चाळीस पैसे सोडलेले दिसले. मी तसे म्हणालो.

"नातीला सवलत," बाबा म्हणाले.

मी पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले आणि पावती दिली, तारखेसह सही करून. मला इतका आनंद बोनस मिळाल्यावरही झाला नव्हता. एक तारखेला पाकीट आले, दुसरे वर्तमानपत्र सुरू झाले, आणि बाबा सलूनमध्ये जाऊन मागचे कुरतडलेले सारखे करून आले. बायकोने मला हिशेब समजावला: पैसे तुझ्या खिशातून बाबांच्या हातात, त्यांच्या हातून माझ्या पाकिटात, पाकिटातून तुझ्या ताटात. मग नवीन काय झाले? मी तिला सांगितले की आमच्या धंद्यातही मध्यवर्ती बँक काही वेगळे करत नाही. ती एका खिडकीवर एक दर लिहिते, आणि त्याच्याभोवती सगळा बाजार आपापली जागा शोधतो. ती म्हणाली, की मग बाबांनी तुझ्याहून चांगली ट्रेझरी चालवली.

पुढच्या वर्षी ठेव पुन्हा नवीन झाली, तोपर्यंत दर आणखी थोडा उतरला होता. फी तेवढीच वाढली. कारण विचारायची गरज नव्हती. मुलीला मात्र काही ठाऊक नव्हते. एकदा ती वही घेऊन धावत आली. आजोबांनी उदाहरण घातले होते की एका बँकेने ठेवीचा दर अमुक इतका कमी केला तर ठेवीदाराचे दरमहा नुकसान किती, आणि उत्तर माझ्याकडून तपासून आणायला सांगितले होते. उत्तर बरोबर होते. मी खूण करून दिली.

ती नववीतून दहावीत जाण्याच्या सुमारास वारा फिरला. मध्यवर्ती बँकेने जादा पैसा ठेवून घ्यायला एक नवी खिडकी उघडली. जुन्या खिडकीत पैसे ठेवणाऱ्या बँकेला ती त्या बदल्यात स्वतःकडचे सरकारी रोखे तारण म्हणून देत असे. नवीत तारणाची भानगडच नव्हती, त्यामुळे कितीही पैसा सामावून घेता येणार होता. तिचा दरही जुन्या खालच्या दरापेक्षा वर होता. मग महागाई वाढली तसे सगळेच दर टप्प्याटप्प्याने चढवले गेले आणि बाजारातला पैसा हळूहळू आटला. आमच्यासाठी नवी खिडकीही बंदच होती, पण मोठ्या बँकांना आता पैसे कमी पडू लागले आणि माझा फोन दहाच्या आधीच वाजू लागला. "सर, आज आपल्याकडे किती असतील?" गोड आवाज विचारू लागला. मी बघून सांगतो म्हणून त्याला दहा मिनिटे ताटकळत ठेवत असे. याहून जास्त हिंमत माझ्यात नव्हती. शेठ यार्डातून फोन करून भाव विचारत आणि समाधानाने "चढली की वो," म्हणत.

ठेवींचे दर वाढवण्याची टिप्पणी मी अर्ध्या तासात लिहिली. तशा आणखी दोन लिहिल्या. बाबांची ठेव नवीन झाली त्या महिन्यात फी निम्म्यावर आली. मग दहावीच्या परीक्षेला महिना उरला असताना शाखेतल्या फलकावर आणखी वाढलेला दर लागला. बाबांनी तो वाचला, नियम विचारला, ठेव मोडून नव्याने जास्त मुदतीची केली, आणि घरी येऊन जेवले. आता व्याज पहिल्याइतके मिळणार होते.

महिनाअखेरीला मी खिशातून पैसे काढून तयारच बसलो होतो. किती लागतील याची कल्पना नव्हती, म्हणून थोडे जास्तच काढले होते. बाबांनी चिठ्ठी ठेवली. इयत्ता दहावी, गणित, एक महिना. शुल्क: निरंक.

परीक्षा तोंडावर आली आहे आणि शिकवणी बंद कशी करता, असे मी म्हणालो. शिकवणी कुठे बंद आहे, ते म्हणाले, पाच वाजता तिला पाठव. मी म्हणालो की मग फी असू द्या ना, मला काही जड नाही. मी जवळजवळ विनवणीच करत होतो.

"नातीला शिकवायचे पैसे घेतं का कोणी?" बाबा म्हणाले, आणि वही घेऊन टेबलाकडे गेले.

मी नोटा परत ठेवल्या. अडीच वर्षे मी रोज सकाळी दहा वाजता दर वर जावा म्हणून पडद्यापुढे बसत होतो. तो चढला, आणि माझ्याकडून काहीतरी घेण्याची बाबांना गरज उरली नाही. त्या दिवशी दर चढल्याचे वाईट वाटून घेणारा शहरातला मी एकटाच ट्रेझरीवाला असेन.